आबांच्या बायकोचा चेहरा

धुळ्यातल्या आमच्या चित्रकला कॉलेजात आता दुसरं काही साचत नाही. अॅडमिशन नाही, उत्साह नाही, किस्से मात्र साचतात. पॅलेटवर वाळलेल्या रंगाचे थर साचतात ना, तसे. खरवडायचा कंटाळा येतो म्हणून राहून जातात. यंदाची बॅच शेवटची. पुढच्या वर्षी इथे म्हणे कम्प्युटर क्लास येणार. म्हटलं, चला, जाण्याआधी खरवडून घेऊ.

मी कलेचा इतिहास शिकवते. म्हणजे युरोपात कोणी कधी काय रंगवलं ते, ज्यांनी मुंबईही धड पाहिलेली नाही अशा पोरांना सांगते. भास्करनाना पोर्ट्रेट शिकवतात. आणि तुळशीरामआबा बसतात. तोच त्यांचा हुद्दा! आबा आमचे मॉडेल. त्यांनी स्टुलावर बसायचं, हलायचं नाही, पोरांनी चित्र काढायचं. पिंपळनेरकडचे आबा, बोलणं अहिराणी. तरुणपणीच बायको गेली, लेकीला एकट्याने वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि धुळ्याला येऊन बसले, ते अजून बसलेत. कॉलेज बंद झालं की लेकीकडे पिंपळनेरला जाणार.

*

जलरंगाचे तासही मीच घेते. त्यात एक तंत्र आहे. कागद ओला करायचा आणि त्यावर ओलाच रंग सोडायचा. रंग आपोआप पसरतो, धुकं उतरल्यासारखं दिसतं. हे मी एप्रिलमध्ये, धुळ्यात, मैदानात बसून शिकवायला घेतलं. माझीच अक्कल!

पोरं कागद ओला करत, रंगात ब्रश बुडवत, तोवर कागद खडखडीत वाळलेला. पुन्हा ओला, पुन्हा वाळला. शेवटी दोंडाईचाच्या एका विद्यार्थ्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हे तंत्र आपल्या जिल्ह्याचं नाही."

मग मी म्हटलं, ठीक आहे, इम्प्रेशनिझम करू. त्या क्षणी जो उजेड दिसतो तेवढाच पकडा. तासाभराने त्याने कागद आणून दिला, जवळजवळ कोराच. "मॅडम, दुपारचं इथे एवढंच दिसतं."

मी त्याला चांगले मार्क दिले. खोटं काय होतं त्यात?

*

वस्तुचित्रणाला, म्हणजे स्टिल लाइफला, नानांनी एकदा माठ, चादर आणि केळीची एक फणी मांडली. चित्र तैलरंगातलं, चार-पाच दिवस चालणारं. आमच्या उकाड्यात केळी कशाला थांबतात! हिरवी होती ती पिवळी झाली, ठिपके पडले, मग काळी पडून माठाला टेकली.

बाकीच्यांनी पहिल्या दिवशीची हिरवी केळी तशीच ठेवली. मुक्ताईनगरची एक मुलगी होती, घरी केळीच्याच बागा. ती मात्र रोज रंग बदलत गेली. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर तपकिरी, त्यावर काळा. कॅनव्हासवर रंगाचा बोटभर थर चढला, तो काही केल्या वाळेना.

"सर, तुम्हीच म्हणालात, दिसतं तेच काढा. मी रोज दिसलं ते काढलं."

नाना बराच वेळ बघत राहिले. "पोरी," ते म्हणाले, "मी तुला वस्तुचित्र काढायला सांगितलं होतं. तू केळीचं मर्तिक काढलंस!"

*

क्युबिझमच्या तासाला एकीने आबांचं चित्र काढलं. नाक दोन ठिकाणी, डोळा कानाशेजारी. आबा स्टुलावरून उतरून बघायला आले.

"मना नाकले काय व्हयनं?"

नानांनी समजावलं, "आबा, यात माणसाच्या सगळ्या बाजू एकदम दाखवायच्या असतात."

"बठ्ठ्या?" आबांनी चित्र नीट न्याहाळलं. "मंग मांगली बाजू कोठे शे? घरमा तं मांगलीच बाजू ज्यास्त दिसस!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. आबा हसले नाहीत, परत जाऊन बसले.

*

नानांचा एक जोडधंदा आहे. आमच्याकडे माणूस गेला की गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, हार घालायला तसबीर लागते. घरात फोटो असतो तो आधार कार्डावरचा. त्यात माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा दिसतो. मग लोक नानांकडे येतात. डोळे उघडे करा, बुशशर्टाच्या जागी कोट घाला, डोक्याला फेटा द्या. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नसेल तर दोघांना शेजारी बसवा. आयुष्यात जे झालं नाही ते नाना कॅनव्हासवर करून देतात.

एकदा एक मुलगा म्हणाला, "नाना, वडलांना थोडं हसरं करा."

"हसायचे का?"

"नाही."

"मग?"

"आता तरी हसू द्या ना!"

नानांनी हसरं केलं. घरच्यांनी ओळखलं नाही म्हणे, पण तसबीर ठेवून घेतली.

हे सगळं आबा स्टुलावरून ऐकत असत. एक दिवस त्यांनी नानांना विचारलं, "नाना, मनी बाईनं चित्र काढी देशात का?"

*

बायकोचा फोटो नव्हता. एकसुद्धा नाही. ती गेली तेव्हा फोटो काढायला गावाबाहेर जावं लागायचं, आणि बायकोला घेऊन फोटो काढायला कोण जातो?

नाना म्हणाले, "सांगा. मी काढतो. नाक कसं होतं?"

"व्हतं. चांगलं व्हतं."

"डोळे?"

"खालेच राहेत."

नानांनी पेन्सिलीने एक चेहरा काढला. आबा म्हणाले, "बाई चांगली शे. पन मनी नही." मग नानांनी आबांच्या लेकीचा मोबाइलवरचा फोटो समोर ठेवला आणि वय कमी करून काढून बघितलं. "हाई तं मनी पोर शे, नाना."

नाना वैतागले. "आबा, संसार केलात ना तुम्ही? बायकोचा चेहरा सांगता येत नाही?"

आबा म्हणाले, "घरमा माय, बाप, मोठा भाऊ. बठ्ठासना समोर बायकोना तोंडकडे कसं दखानं? लाज वाटे. मी जेवाले बसू तं तिनं तोंड चुल्हाकडे. मले तिनी पाठच याद शे."

मला नानांचाच राग आला, आणि का ते कळेना.

*

नानांनी हट्ट सोडला नाही. परीक्षा तोंडावर, आबा पिंपळनेरला जाणार, म्हणून रोज एक चेहरा. एक दिवस त्यांनी कोळशाने काढला. खाली वळलेली मान, डोक्यावरून पदर, अर्धा गाल तेवढा उजेडात. आबा जवळ आले. वाकून बघायला लागले; या वेळी 'मनी नही' आलं नाही.

कोळशाच्या चित्रावर फिक्सेटिव्ह मारावं लागतं, नाहीतर ते पुसतं. आमच्या कॉलेजातलं कधीच संपलंय, पोरं त्याऐवजी हेअरस्प्रे मारतात. तोच आणायला मी कपाटाकडे वळले होते. तेवढ्यात आबांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि त्या गालावर ठेवलं.

गाल बोटावर आला.

नानांनी पुन्हा काढला, चारदा काढला. तो गाल काही परत जमला नाही.

"ऱ्हाऊ द्या, नाना," आबा म्हणाले. "तिले लाज वाटनी व्हई."

त्या दुपारी आबांनी डब्यातली भाकरी डाव्या हाताने खाल्ली.

*

परीक्षा झाली. स्टुलं, इझल, माठ एका कोपऱ्यात रचले गेले. आबा पिशवी घेऊन निरोप घ्यायला आले, तेव्हा नानांनी एका कॅनव्हासवरचं फडकं काढलं.

चेहरा नव्हताच. चूल, चुलीवर तवा, तव्यावर भाकरी. शेजारी पिचकलेली परात, त्यातल्या पिठाच्या गोळ्यावर उमटलेली बोटं. पाण्याचा तांब्या. आणि चुलीसमोर तिचा पाट, रिकामा. चूल कुठल्या कोपऱ्यात, परात कुठे पिचकलेली, हे सगळं नानांनी आबांना रोज थोडं थोडं विचारून घेतलं होतं, आणि हे मात्र आबांना धडाधड आठवत होतं.

मला राहवलं नाही. "नाना, माणसाने बायको मागितली आणि तुम्ही स्टिल लाइफ दिलंत?"

नाना खाली मान घालून ब्रश पुसत राहिले. "मला जेवढं येतं तेवढं केलं."

आबांनी पिशवी भिंतीला टेकवली. चित्रासमोर फरशीवर मांडी घालून बसले, जेवायला बसतात तसे. किती तरी वेळ बसले. मॉडेल म्हणूनसुद्धा ते इतके स्थिर कधी बसले नव्हते.

मग एकदम त्यांनी मान वळवली.

"नाना, तिले हाक मारा ना. भाकर करपी ऱ्हायनी."