तिमुराचं उट्टं

मी डूख धरणारी बाई आहे. माझ्या मोठ्या दिरांच्या वेदपठणाचा आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात दरारा आहे, असू दे. त्यांनी माझं झाड तोडलं ते मी विसरले नाही.

झाड तिमुराचं. लग्न होऊन मी मालवणातून काशीला आले तेव्हा इथे सगळं मिळे, फक्त तिरफळ मिळत नसे. त्याशिवाय तूरडाळीची आमटी मला आजाऱ्याचं जेवण वाटे. घाटावर रुद्राक्ष विकणाऱ्या एका नेपाळी बाईने एकदा माझ्या हातावर तिमुराची चार वाळकी फळं ठेवली. वास घेतला आणि तिथेच डोळ्यांत पाणी आलं. तिरफळाचाच वास, जरा लिंबाकडे झुकणारा. पुढच्या खेपेला तिने रोप आणून दिलं. ते मी गच्चीत विटांचा वाफा करून लावलं. उन्हाळ्यात लू सुटली की त्यावर जुनं पातळ बांधायची. माकडं त्याच्या वाटेला जात नसत, कारण खोडापासून पानापर्यंत काटेच काटे. पाचव्या वर्षी हिरवे घोस धरले.

त्याच आठवड्यात भाऊजींचं वाळत घातलेलं रेशमी सोवळं त्यात अडकून फाटलं. मी बाजारातून परत आले तर वाफ्यात वीतभर खुंट उरलेला.

"काटेरी झाड घरात ठेवू नये, कलह होतो," भाऊजी म्हणाले. "आणि बेकार जागा अडवतं."

त्या खुंटाला पाणी घालतानाच मी ठरवलं, कलह म्हणजे काय ते ह्यांना एकदा दाखवायचं.

खुंट फुटला. तिसऱ्या वर्षी, ऐन गणपतीत, पुन्हा फळं आली. आमच्या गणपतीपुढे संध्याकाळी मंत्रजागर असतो. दहा-बारा वैदिक बसून आळीपाळीने वेद म्हणतात, त्यांत भाऊजी पुढे. ओलं तिमूर खाल्लं की जीभ बधिर होते, हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. बसण्याआधी ते धिरडं-चटणी खातात. मी चटणीत मूठभर हिरवी फळं वाटली. भर सभेत त्यांची जीभ अडखळावी, एक तरी स्वर चुकावा, एवढंच मला हवं होतं. पाप वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, वाटताना मी गुणगुणत होते.

मग स्वयंपाकघराच्या दारात कान देऊन बसले. आठवडाभर भाऊजी चिडचिडे आणि घुमे झाले होते, पण त्या संध्याकाळी त्यांचा आवाज असा मोकळा लागला की गल्लीतून जाणारे लोक दारात थांबले. एक स्वर चुकला नाही.

उठल्याबरोबर ते थेट स्वयंपाकघरात आले. "चटणीत काय घातलं होतंस गं? आठ दिवस दाढ ठणकत होती, एकदम सुन्न झाली! जीभ जराशी जड पडली, पण पन्नास वर्षांचं पाठांतर ते, जिभेवर थोडंच अडतं. बिलकुल आराम!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"तिमूर," मी म्हटलं. "तुम्ही तोडलं होतंत ते."

ते माफी मागतील असं मला वाटलं. "रोज दोन दाणे देत जा," ते म्हणाले.

"गच्चीत आहे. तोडून घ्या," मी म्हटलं.

तेव्हापासून ते रोज सकाळी वर जातात. फळं संपली की काडी मोडून चावतात. बोटं ओरबाडतात, बाह्या अडकतात, खाली येतात ते अंगठा चोखतच. पाहुणा आला की त्यालाही वर नेतात. "आमचं तिमूर," सांगतात, "मोठं गुणकारी. मी जपलंय."

हे ऐकलं की माझा तिळपापड होतो. तिमूर तोडायची माझी लांब दांड्याची कात्री स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.