खिडकीबाहेर फेकलेला टेस्टर

ड्रॉवर आवरताना पिवळ्या दांड्याचा टेस्टर हाती लागला आणि साखर कारखान्याच्या कॉलनीतला मळीचा वास नाकात शिरला. नवा संसार, कोल्हापुरातून आणलेला नवा मिक्सर. त्यासाठी हे स्वयंपाकघरात प्लग बसवत होते, आणि बाहेर स्टुलावर चढून मीटरजवळचे दोन्ही फ्यूज काढायचं काम माझ्याकडे होतं. पहिला ओढताच दिवे गेले. दुसरा फार घट्ट होता, तो तसाच ठेवला. दिवे गेले म्हणजे झालं काम, असं मला वाटलं. "दोन्ही काढलीस न्हवं?" हे आतून ओरडले. "व्हय," मी म्हटलं. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, वायरीला लावताच टेस्टर लाल पेटला; प्लगचा करंट त्या दुसऱ्या फ्यूजवरून येत होता. "आयला, टेस्टर बिघडलाय," म्हणत यांनी वायर सोलायला दातांकडे नेली. खरं सांगायला जीभ उचलेना. "अहो, पावणं आल्यात!" मी किंचाळले. हे दारात येईपर्यंत सगळा जीव लावून ओढलेला दुसरा फ्यूज माझ्या पदराआड होता. "कुठं हायत?" "गेलं पुढं." आत जाऊन यांनी पुन्हा टेस्टर लावला. पेटला नाही. "बघ, मेलाच की!" म्हणून खिडकीबाहेर भिरकावला. मी तो गुपचूप उचलून आणला. अजूनही लावला की लख्ख पेटतो. यांना सांगायचा धीर मात्र अजून होत नाही.