गेस्टरूममधला कापूस

मी कॉलेजात कथा शिकवते. जुन्या, नावाजलेल्या कथांमध्ये आपल्या परिस्थितीवर नाखूश असलेली एखादी बाई हमखास भेटते. तिला चांगले कपडे, चांगलं घर, मोठ्या लोकांत ऊठबस हवी असते आणि लेखकमहाशय शेवटच्या पानावर तिला अशी अद्दल घडवतात की विचारू नका. मला त्या लेखकांचा रागच येतो. अशाच एका बाईच्या हातचं जेवून मी मोठी झाले.

माझ्या आईला शेतकऱ्याची बायको म्हणवून घ्यायचं नव्हतं. शेत नाचणगावला, पण तिनं हट्टानं वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत घर बांधायला लावलं. आजूबाजूला सगळे नोकरीवाले. तिनं सोफा घेतला, त्यावरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नाही आणि मागच्या खोलीला गेस्टरूम म्हणायला लागली. गेस्ट काही येईनात. आला तो कापूस. त्या वर्षी गावच्या घराचं छप्पर गळत होतं, भावही पडलेला, म्हणून बाबांनी सगळा कापूस टेम्पोत घालून आणला आणि गेस्टरूममध्ये पार खिडकीपर्यंत भरला. आईनं त्यांच्याशी अबोला धरला.

नेमके तेव्हाच मला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा बँकेत, घर वर्ध्यात. आईनं गेस्टरूमला कुलूप घातलं, बाबांच्या हातात इस्त्रीचा शर्ट दिला आणि अबोला मोडून बजावलं, "शेतीचं काई काढू नका. पोरीचं चांगल्या घरी जमून राह्यलं."

बाबा हो म्हणाले. तिला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या. मुलाची आई बोलता बोलता मान खाजवायला लागली, मग दंड. साठवलेल्या कापसात बारीक कीड होते, आणि तिची खाज कुलपाला जुमानत नाही. आणि ती कशाची आहे हे ओळखायला स्वतःच्या घरात कधीतरी कापूस भरलेला असावा लागतो.

"काहो बाई, घरात कापूस भरला हाये काय?" त्यांनी विचारलं.

"आमचा नाई," आई घाईघाईनं म्हणाली. "शेजाऱ्यायचा हाये. त्यायले जागा नव्हती ठेवायले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हो, शेजाऱ्याचाच हाये," ते म्हणाले. "माणूस बरा हाये, पण भावासाठी अडून बसला." आणि हसले. आईची लाज राखायला ते स्वतःच्या घरात शेजारी झाले होते.

"नाव काय म्हणता त्यायचं?" मुलाच्या आईनं सहज विचारलं. "एखादवेळेस वळखीचे निघतीन."

पदराशी चाळा करत आईनं बाबांकडे पाहिलं. ते अजून हसतच होते, तिला सांभाळून घ्यायला आणखी एखादी थाप मारायच्या तयारीत.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आईनं तर कधीच घेतलं नव्हतं. दवाखान्यात विचारलं तरी ती मला पुढं करायची. त्या दिवशी ती सोफ्यावरून उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर तिनं बाबांचं नाव घेतलं, आडनावासकट.