कोटाची सहा बटणं

आम्ही ऑस्लोला निघालो त्याच्या आदल्या दिवशी देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. त्यावर ह्यांचा फोटो, मागे विमान, विमानाच्या मागे बर्फाचा डोंगर आणि वर मोठ्या अक्षरांत 'युरोप दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो, सगळे ह्यांच्या फोटोहून ठसठशीत. माझा फोटो नव्हता. दौरा म्हणजे लेकीकडे महिनाभर राहणं, तिच्या गॅसवर आपल्या भाकरी भाजणं आणि परत येणं, हे मी कोणाला सांगत बसले नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कोणता शब्द फुगवलेला आहे ते मला कळतं, पण फ्लेक्सवरचं कोणी तपासायला देत नाही.

हे मूळचे जानेफळचे. आमच्या देऊळगाव राजात जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, येणाऱ्या गाड्यांमधला कापूस पाहून त्याची प्रत ठरवायची, हे ह्यांचं आयुष्यभराचं काम. गाडीत खोलवर हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा. तुटताना धागा किती लांब निघतो, त्यावरून सगळी गाडी कळते. हा चाळा त्यांना निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी बोटं सतरंजीची दशी ओढत असतात.

सासूबाईंचा एक नियम होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, आणि खायचंच झालं तर आधी तिच्या अंगावर नवं वस्त्र घालायचं. माझा अशा नियमांवर विश्वास नाही. ह्यांचा आहे की नाही, ते ह्यांनाही नक्की सांगता येत नाही; पण बॅगेत दहा किलो ज्वारीचं पीठ होतं आणि तुरीची डाळ होती, आणि सगळ्यांत वर एक साडी. पोचल्याच्या दिवशीच साडी लेकीच्या हातात पडली. तिने नेसली, जावयाने फोटो काढला, आणि हे निश्चिंतपणे जेवले.

निश्चिंती तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी लेक कामावरून आली, तिने करड्या रंगाचा लोकरी कोट काढून ह्यांच्या हातात दिला. खुंटीला अडकवता अडकवता ह्यांची नजर गळ्याच्या आतल्या बाजूला गेली. तिथे एक लहानशी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर रेशमी धाग्याने कोणा परक्या बाईचं नाव.

"हा कोट कोणाचा व्हय वं?"

लेकीने अगदी सहज सांगितलं की कोट तिचाच आहे, पण वापरलेला, जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला. इथे सगळेच घेतात, डॉक्टर घेतात, प्रोफेसर घेतात. शेवटी म्हणाली, लाज वाटायची गोष्ट नाही.

 ह्यांनी त्या दिवशी एकच भाकरी खाल्ली.

आमच्याकडे जुने कपडे एकतर भांडेवालीला जातात, नाहीतर गोधडीत. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं आपल्या लेकीने घालायचं, तेही सातासमुद्रापार, शिकून-सवरून, चांगल्या नोकरीत असताना! झोपायच्या खोलीत ह्यांनी मला हळूच विचारलं, "हे दोघं अडचणीत तर नाहीत ना? आपल्याले सांगत नसतीन." मग स्वतःशीच म्हणाले की साडी तर कपाटात राहील, इथे आठ महिने थंडी, म्हणजे आठ महिने हिच्या अंगावर तो कोट. मग तोच आपण दिलेला पाहिजे.

तेव्हा प्रश्न असा होता. लेक सुखात आहे की नाही, हे तिला विचारून कळणार नव्हतं, कारण ती नाही म्हणालीच नसती. म्हणून नवा कोट.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. ह्यांनी अट घातली होती की कोणी किमतीचे रुपये करून सांगायचे नाहीत. बँकेचं कार्ड बंडीच्या आतल्या खिशात, वरून स्वेटर, त्यावर जावयाचं जाकीट. ट्राममध्ये मी म्हटलं, "तुमच्या अंगावर कोणाचं आहे हो?"

"हे उसनं हाय," हे म्हणाले. "उसनं येगळं, उतरलेलं येगळं."

लेक खिडकीकडे तोंड करून हसली.

राजवाड्याकडे जाणारा तिथला मोठा रस्ता आहे. परदेशाहून आलेल्या मराठी माणसाने स्वच्छतेचं कौतुक केलंच पाहिजे असा आपल्याकडे प्रघात आहे. मी तो पाळणार नाही. रस्ता स्वच्छ होता, राजवाडा लांबून आमच्या पंचायत समितीच्या इमारतीला चांगला रंग दिल्यासारखा दिसत होता. मला नवल वाटलं ते दुकानांचं. आमच्या बाजारपेठेत दुकानाचा माल रस्त्यावर येतो. इथे जितकं दुकान महाग तितका माल कमी. ज्या दुकानात आम्ही शिरलो त्याच्या काचेमागे एकच कोट होता आणि त्याच्याभोवती देवघरासारखा उजेड. आत इतकं शांत की ह्यांनी दारातच चपला काढायला वाकावं तसं केलं, मग बूट आहेत हे आठवून सरळ झाले.

एक तरुण मुलगी पुढे आली, हवं ते बघा म्हणाली आणि आदबीने दूर जाऊन उभी राहिली. लेकीने किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करायला सुरुवात केली. ह्यांना चिठ्ठ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी काचेतल्यासारखाच दुसरा कोट हेरला, त्याची खालची कड उलटी केली, आतल्या शिवणीपाशी नखाने जरा उचकलं, चिमूटभर लोकर काढली आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढली.

विकायला ठेवलेल्या कोटातली लोकर उपटणारं गिऱ्हाईक त्या दुकानात याआधी आलं नसावं. मुलगी झपाट्याने आली. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं. लेकीचे कान लाल झालेले मला दिसले. मुलीने सभ्यपणे विचारलं की हे काय करताहेत.

ह्यांनी चिमूट तिच्यापुढे धरली. "तिले सांग, याचा धागा आखूड हाय. यात लोकर अर्धीच हाय. एक हिवाळा झाला का गोळे येतीन."

लेकीने सांगितलं. कसं सांगितलं ते मला कळलं नाही, पण कान अजून लाल असताना तिने आवाज खाली केला नाही. मुलीने कोटाच्या आतली, लोकर किती ते लिहिलेली चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग तिने तो कोट जागेवर अडकवला आणि आतून दुसरा आणला. तो ह्यांच्या हातात देताना शिवणीची बाजू तिनेच उलटी करून धरली. आपण कापसाचे जाणकार, लोकर हा आपला प्रांत नाही, हे ह्यांनी तिला लेकीमार्फत कळवलं. पण धागा तो धागा. दुसरा बरा निघाला. तिसरा त्याहून बरा. किमती त्याच क्रमाने वर जात होत्या, आणि अट असल्यामुळे मी मनातल्या मनात गुणाकार करून गप्प बसत होते.

तिसरा कोट घ्यायचं जवळजवळ ठरलं. तेव्हा ह्यांना काय वाटलं कोण जाणे, लेकीला म्हणाले, "दे पाहू तुहा." तुलनेसाठी असावं. जुना किती वाईट आहे ते कळलं की नव्याची किंमत कमी बोचते.

तिने अंगातला कोट काढून दिला. ह्यांनी कड उलटी केली, चिमूट काढली, ओढली. दुसऱ्या जागेवरून पुन्हा काढली. उजेडाकडे जाऊन पाहिली. धागा तुटतच नव्हता. बारीक, लांब, अंगठ्याच्या पेराएवढा नुसता सरकत बाहेर येत होता.

"हा कसा निवडला तू?"

"तुमी कापूस पाहत होते तसाच," लेक म्हणाली. "शिवण उचकली अन् धागा ओढला. चार दुकानं पाह्यली बाबा, मंग हा भेटला."

लहानपणी रविवारी ती ह्यांच्याबरोबर जिनिंगवर जायची. कापसाच्या ढिगाशेजारी बसवून हे तिच्या हातात चिमटी द्यायचे आणि सांग म्हणायचे, कोणता लांब. मला वाटायचं, पोरीला गप्प बसवायची युक्ती आहे. मी घरी तिच्याकडून शुद्धलेखन करून घ्यायचे, आणि ते मात्र ती विसरली.

दुकानातल्या मुलीनेही तो जुना कोट हातात घेतला, बोटांनी चोळला. ती म्हणाली ते लेकीने आम्हाला सांगितलं: असं कापड आता आमच्याकडे येत नाही, आम्हाला ते परवडत नाही. हे ऐकून ह्यांचा चेहरा जो काही झाला, तो फ्लेक्सवर लावायला हवा होता.

तिसरा कोट जागेवर परत गेला. पण रिकाम्या हाताने बाहेर पडणं ह्यांना जमेना. रस्त्यावर उभे राहून ते लेकीच्या अंगावरच्या कोटाकडे गिऱ्हाइकासारखे बघत होते. कोटाचं तिसरं बटण काळं होतं, बाकीची तपकिरी, आणि सगळ्यांत खालचं मुळी नव्हतंच.

"बटणं कुठं भेटतात?"

लोकर आणि सुया विकणारं दुकान गल्लीत होतं. म्हाताऱ्या मालकीणबाईंनी गल्ल्यामागून लहान लहान खण काढून मांडले. इथे ह्यांना अर्धा तास लागला. प्लॅस्टिकची बाजूला, कथिलाची नक्षीदार बाजूला, कारण त्यांचा थाट कोटापेक्षा जास्त. शेवटी शिंगाची निवडली, गर्द तपकिरी, प्रत्येकावर वेगळी रेघ. म्हशीच्या शिंगाची, असं बाईंनी सांगितलं. म्हैस कुठली ते त्यांना माहीत नव्हतं. हे म्हणाले, रंगावरून तर आपल्याकडचीच वाटते. सहा बटणं, कागदी पाकीट, आणि कार्ड बंडीच्या खिशातून एकदाचं बाहेर आलं. सहा बटणांना तिथे काय पडतं हे मी सांगणार नाही. अट अजून लागू आहे. पैसे फार झाले, आणि हे आनंदाने बाहेर पडले.

घरी आल्यावर मी बटणं शिवली. नव्या वस्त्राला लावतात तसं कुंकवाचं बोट ह्यांनी कोटाच्या आतल्या कोपऱ्याला लावायला सांगितलं. मी लावलं. कात्री हातात होतीच, म्हणून विचारलं, गळ्यातली ती नावाची पट्टी उसवून टाकू का?

"राहू दे," हे म्हणाले. "बाईनं जपून वापरला."

लेकीने कोट घातला, सहाही बटणं लावली, खालपासून वरपर्यंत. हे उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आले. त्या दिवशी आपण आणलेल्या पिठाचा डबा मी बाहेर काढला नाही; लेकीने तिच्या पिठाच्या पोळ्या केल्या, आणि ह्यांनी मागून घेऊन खाल्ल्या.

परत आलो तेव्हा फ्लेक्स तसाच होता, नुसता एका कोपऱ्याने सुटून बर्फाचा डोंगर लोंबत होता. शुभेच्छुकांपैकी एक जण चहाच्या टपरीवर भेटले. एवढ्या महागड्या शहरात जाऊन आलात, मग काय घेतलं, असं त्यांनी विचारलं. आजूबाजूचे चारपाच जण ऐकायला वळले.

"सहा बटणं," हे म्हणाले. "लेकीच्या कोटाले. कोट तिनंच पाहून घेतला व्हता."

ऐकणारे हसायचं की नाही या विचारात होते. ह्यांनी मात्र चहा खाली ठेवला आणि त्या कोटाचा धागा किती लांब होता ते अंगठ्याचं पेर पुढे करून सगळ्यांना दाखवलं.