दिलगीर

पालममधलं प्रत्येक माळवद सिद्धोधनकाकांना माहीत होतं. कुणाचं गळतं, कुणाच्या माळवदावर मिरच्या वाळत असतात, कुणाचा पत्रा पाय ठेवला की वाजतो. पंचवीस वर्षं ते केबलची वायर खांद्यावर घेऊन या छपरावरून त्या छपरावर जात होते. कुणाला विचारत नव्हते. शिडी लावायची आणि चढायचं. वरून लोकांनाच हाक मारायची, "वहिनी, च्या ठेवा, मी वर हाय."

"माझ्या बापाला ह्या घरायच्या ओट्यावर बसू देत नव्हते," एकदा ते मला म्हणाले. "आन् मी उभा हाय त्यायच्या डोक्यावर. तेबी च्या पिऊन."

हे सांगताना ते हसले होते.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं आणि परभणीहून घरी परत आले. नोकरी नव्हती. काकांना त्यांच्या लोकल चॅनेलच्या पट्ट्या लिहायला कुणीतरी हवं होतं. पडद्याच्या खालून सरकत जाते ती पट्टी. वाढदिवस, दहावं, नळाला पाणी कधी येणार, हरवलेली जनावरं. बसस्थानकामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची कंट्रोल रूम होती. तिथे मी दुपारी जायचे. ते सांगायचे, मी टाइप करायचे. ते मला मॅडम म्हणायचे, चिडवायला.

पहिल्याच आठवड्यात एका म्हशीवरून आमचं भांडण झालं. मी लिहिलं, 'कपाळावर पांढरा ठिपका असलेली.'

"चांदी म्हणा मॅडम. म्हशीला चांदी असती. ठिपका म्हणलं तर मालकालाबी वळखू यायची न्हाई."

मी चांदी लिहिलं. म्हैस दुसऱ्या दिवशी सापडली. यातून मी काही शिकायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी मालिकांची, सिनेमांची आणि मॅचची चॅनेलं एकदम गेली. त्या जागी निळा पडदा आला. त्यावर हिंदीत एक ओळ होती. तुमच्या केबल ऑपरेटरने करारावर सही केली नाही, म्हणून हे चॅनेल दाखवता येत नाही.

चॅनेलवाल्यांनी दर वाढवले होते. शहरातल्या मोठ्या केबल कंपनीने सही करायला नकार दिला होता. काका तिच्याकडून सिग्नल घ्यायचे, एवढाच त्यांचा संबंध. पण पालममध्ये केबल ऑपरेटर म्हणजे एकच माणूस.

दुपारपर्यंत कंट्रोल रूमच्या दारात पंधरा-वीस लोक जमले. आमच्या गल्लीतले माणिकराव पुढे होते. शेतीवाडी असलेला, शब्दाला वजन असलेला माणूस.

"काय रे सिद्धोधन, एक सही करायला इतकं जड झालं? का शाई संपली?"

"मला सही मागितली कुणी, मालक?"

"मग त्या टीव्हीवर काय खोटं लिवलंय?"

 लोक गेल्यावर काका मला म्हणाले, "लिवा मॅडम. मी बंद केलं न्हाई. भांडण वरच्यायचं हाय. माझ्याकडं सही न्हाई. मी निसता वायर वढणारा हाय."

मी म्हणाले, "काका, असं लिहीत नसतात."

ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. घेता येत नाही.

मी लिहिलं, 'करारविषयक कारणास्तव काही वाहिन्यांचे प्रक्षेपण तूर्त स्थगित आहे. ग्राहकांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आणि त्यांना वाचून दाखवलं. दिलगीरपाशी त्यांनी मला थांबवलं.

"हा आमच्या आजीचा शब्द हाय. आजा गेला तवा ती लय दिवस दिलगीर व्हती. जेवत नव्हती. म्हंजी दुखी, ना?"

"तसंच काहीतरी," मी म्हणाले. मला घरी जायची घाई होती.

"मग राहू द्या. खरंच हाय ते."

संध्याकाळी कुणीतरी पट्टीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. पानटपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं, "बगा, माफी मागायलाय. चूक नसती तर माफी कामून मागितली असती?" रात्रीपर्यंत काकांनी कबुली दिली होती, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

सोमवारी सकाळी माणिकरावांच्या घरावरचा वायरचा जोड दुरुस्त करायला ते आले. शिडी भिंतीला टेकवली.

"खालूनच बोल," माणिकराव दारातून म्हणाले. "वर काय काम हाय तुझं?"

आवाज चढलेला नव्हता. काकांनी एकदा वर माळवदाकडे पाहिलं. मग शिडी खांद्यावर घेतली आणि गेले. मी समोरच्या दारात उभी होते.

दुपारी मी म्हणाले, "काका, पट्टी बदलू. तुम्ही सांगितलं होतं तसंच लिहिते."

"आता बदलली तर म्हणतेल, परवा माफी मागितली, आज पलटला." मग वायर गुंडाळता गुंडाळता, "तुमी चांगलंच लिवलं व्हतं."

मंगळवारी माझ्या बाबांनी डिशची छत्री आणली. बाबांचं नाव बन्सीधर, तहसीलमध्ये कारकून. काकांशी त्यांचं वाकडं नव्हतं. "मॅच आहे," एवढंच ते म्हणाले. छत्री बसवणाऱ्याने काकांची वायर कापून गल्लीत टाकली. ती पुढे चार घरांना जात होती.  मॅच मीही पाहिली.

आठवडाभरात वरच्यांचं मिटलं. चॅनेलं परत आली. कोण नमलं, ते पालमला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पण तोवर गावात छत्र्याच छत्र्या झाल्या होत्या. मला सोनपेठला तासिकेवर शिकवायचं काम मिळालं. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. कंट्रोल रूमला जाणं राहून गेलं. काकांनी कधी का येत नाही म्हणून विचारलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी मागच्या गल्लीतल्या सुलाबाईंनी हाक मारली. म्हातारी एकटी राहते. तिने काकांची वायर सोडली नव्हती.

"अपेक्षा, ये गं माय. दोन दिस झाले टीव्हीत एकच वळ फिरायली. कुणी गेलं का काय?"

मी टीव्हीसमोर उभी राहिले. पट्टी सरकत होती. 'केबल सोमवार पासून बंद. वायर मी सोता काडून नेतो कुणी तोडू नये. मी दिलगीर हाय. सिद्धोधन.'

एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं.  पट्टी संपली, पुन्हा सुरू झाली.

"काय लिवलंय ते तरी सांग."

मी मोठ्याने वाचलं.

"दिलगीर कामून झालंय लेकरू?" सुलाबाई म्हणाली. "कुणी काय बोललं का त्याला?"

अख्ख्या गावात तो शब्द बरोबर ऐकणारी ती एकटीच भेटली. तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सोनपेठला गेले नाही. सकाळी काका आमच्या गल्लीत आले. एका खांद्यावर शिडी, दुसऱ्यावर गुंडाळलेली वायर. मला पाहून म्हणाले, "मॅडम, आज कालेज न्हाई का?"

"काका, तो शब्द..."

"शिडी धरता का जरा? बुडाला सरकायली."

मी शिडी धरली. माणिकरावांच्या माळवदावर अजून वीस-पंचवीस फूट वायर पडून होती. काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला. मग दाराकडे तोंड करून विचारलं,

"मालक, वर जाऊ का?"

 आम्ही दोघं शिडीपाशी वाट पाहत उभे राहिलो.