कुसुमने बदलून दिलेलं मानपत्र

कुसुमच्या मुलीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाई, आई गेली," एवढंच म्हणाली. तीन दिवसांपूर्वीच मी कुसुमला हॉस्पिटलात भेटून आले होते. त्या भेटीत जे झालं ते मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता दीड महिना होऊन गेलाय. लिहून टाकावं असं वाटतंय.

कुसुम आमच्या शाळेत ऑफिसात क्लार्क होती आणि मी चित्रकला शिकवायचे. म्हणून मी तिच्यासाठी शेवटपर्यंत 'बाई'च राहिले, वयात फार अंतर नसतानाही. ती मूळची जालन्याकडची, लग्नानंतर इकडे गोडदेवला आली. वडील गावोगाव जलशात गायचे, गाणी रचायचे. तिने छंद कधी पुस्तकातून शिकला नाही, वडिलांच्या मांडीवर बसून कानाने शिकली. मस्टरवर सह्या घेता घेता टेबलावर बोटं आपटत ती अक्षरं मोजायची. आठ, आठ, आठ आणि मग चार... ओवी जमली की स्वतःशीच मान हलवायची.

माझा मुलगा निखिल मुर्धा गावच्या एका मंडळात लाठी-पट्टा शिकायला जायचा. बँकेत, कुरिअरमध्ये, दुकानांत नोकऱ्या करणारी ही माणसं रविवारी जुन्या मिठागराजवळच्या मैदानात जमून शिवकाळातल्या लढाया करून दाखवत. वर्षातून एकदा दरबार भरे. अंगरखे, पगड्या, भालदाराची ललकारी आणि निवडक लोकांना मानपत्रं. पहिल्या वर्षी छापील मानपत्रं दिली, सगळ्यांना तोच मजकूर. कुसुम माझ्याबरोबर बघायला आली होती. परतताना म्हणाली, "बाई, माणसं वेगळी आणि कौतुक एकच? हे काय रेशनचं धान्य आहे का?" पुढच्या वर्षापासून मानपत्रं ती रचू लागली आणि मी हातकागदावर बोरूने लिहू लागले. नऊ वर्षं आम्ही दोघींनी ते केलं.

तिची पद्धत ठरलेली होती. ज्याला मानपत्र द्यायचं त्याच्या घरी जायचं. त्याच्या पराक्रमाचं काही विचारायचं नाही. आईला विचारायचं, "हा चिडतो कधी?" बायकोला विचारायचं, "घाबरतो कशाला?" आणि मग लिहायचं. मंडळात ढाली दुरुस्त करणारा एक अबोल माणूस होता, फोटोत कधीच न दिसणारा. त्याच्यासाठी तिने लिहिलं होतं:

ढाली फाटल्या शिवतो,
तुटले पट्टे जोडतो,
मिरवणुकीत जातो
सर्वांमागे ।

भर दरबारात हे वाचलं गेलं तेव्हा तो माणूस पगडी काढून तोंड लपवून उभा राहिला. कुसुमचं नाव मात्र कधी पुकारलं गेलं नाही. मी एकदा मंडळ चालवणाऱ्या वस्तादांना तसं म्हटलंही. ते हसले, "अहो, ताई आपल्या घरच्याच आहेत." कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे. शब्द खरे आहेत ना, मग झालं."

रेश्मा मुर्धा गावातलीच. मेडिकलच्या काउंटरवर काम करायची आणि पट्टा फिरवायला लागली की मुलं मागे सरायची. एका सोसायटीच्या कार्यक्रमासाठी मंडळाने नवी पाती मागवली होती. प्रयोगासाठी पात्याची कड घासून बोथट करावी लागते. घाई होती, ते राहून गेलं. डोक्याला शिरस्त्राणही नव्हतं, फोटोत चेहरा दिसावा म्हणून. समोरच्याचा हात जरासा चुकला आणि पातं रेश्माच्या डाव्या डोळ्यात गेलं. त्या दिवशी निखिल तिथे होता. घरी आल्यावर त्याने दोन दिवस रक्त लागलेला शर्ट धुवायला टाकला नाही, तसाच दाराआड लटकत ठेवला.

दरबार सहा आठवड्यांवर होता. वस्ताद शाळेत आले आणि कुसुमला म्हणाले, "ताई, रेश्मासाठी खास मानपत्र पाहिजे. दोन ओळी अशा लिहा की माणसं रडली पाहिजेत. तिच्या घरच्यांनाही बरं वाटेल." कुसुम या वेळी मात्र रेश्माच्या घरी गेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काय तोंडाने जाऊ, बाई?" तिने ऑफिसात बसूनच लिहिलं आणि मी नेहमीपेक्षा सुबक अक्षरात उतरवलं.

डोळा वाहिला रणात,
हसू होते वदनात,
धन्य झाली ती जगात
वीरकन्या ।

माणसं रडली. डोळ्यावर पट्टी बांधलेली रेश्मा उभी राहिली, तिच्या आईने मानपत्र घेतलं, मोबाइलवर सगळ्याचे व्हिडिओ झाले. पुढच्या महिन्यात तिचे वडील चौकीवर तक्रार द्यायला गेले तेव्हा वस्ताद तोच व्हिडिओ घेऊन तिथे हजर होते. मानपत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. मुलगी हसत होती, घरच्यांनी सत्कार स्वीकारलाय, मग आता तक्रार कसली? वडील तक्रारीचा कागद न देताच परत आले. बारीक अक्षर दिसेना म्हणून रेश्माचं मेडिकलमधलं काम तोवर सुटलंच होतं.

हे निखिलकडून कळलं आणि मी कुसुमला सांगितलं. ती त्याच संध्याकाळी मला घेऊन वस्तादांकडे गेली. "ते मानपत्र परत मागवा. मी दुसरं लिहिते."

"कुसुमताई, कविता आहे ती. पंचनामा नाही."

"पंचनाम्यासारखीच वापरलीत की, वस्ताद."

मी चपलांकडे बघत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तिला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं होतं. मला नाही.

तोपर्यंत कुसुमच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाय सुजलेले. तरी एका दुपारी माझ्याकडे आली आणि वहीचं पान पुढे ठेवलं. बारा ओव्या होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने शेवटी स्वतःचं नाव घातलं होतं.

पाते बोथट न केले,
शिरस्त्राणही न दिले,
आम्ही 'वीर' म्हणविले
तिला मग ।

हसू नव्हते तोंडात,
'आई गं' होते ओठात,
खोटे लिहिले मी त्यात,
कुसुमने ।

"तुमच्या अक्षरात पाहिजे, बाई. पहिलं तुमच्याच अक्षरात होतं ना. आणि तुम्हीच नेऊन द्या, मला आता रिक्षाचे धक्के सोसत नाहीत."

मी हो म्हटलं. मग म्हटलं कागद मिळत नाहीये. मग म्हटलं हात थरथरतोय. खरं कारण असं की निखिल अजून मंडळात होता आणि वस्तादांनी शब्द टाकला म्हणून त्याला नोकरी लागली होती. चार महिने ते पान माझ्या कपाटात पडून राहिलं. कुसुमने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

हॉस्पिटलात तिचा आवाज अगदी खोल गेला होता. मी शेजारच्या स्टुलावर बसले. ती म्हणाली, "बाई... रेश्माला दिलंत ना?"

मी म्हटलं, "दिलं गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं केलंत" म्हणाली आणि डोळे मिटले.

कुसुमच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला वस्ताद पांढऱ्या कपड्यांत आले. 'आमच्या दरबाराच्या कवयित्री' म्हणून बोलले, फोटोला हार घातला. पल्लवी खाली मान घालून ऐकत होती. पहिल्यांदा कुसुमचं नाव चारचौघांत त्यांच्या तोंडून आलं ते असं. घरी येऊन मी बोरू काढला. हात थरथरत नव्हता. दोन दिवसांत बाराही ओव्या लिहून झाल्या.

मुर्ध्याला रेश्माच्या घरी गेले तेव्हा ओट्यावर तिची आई सुकट पाखडत होती. आत रेश्मा बसली होती, मान किंचित डावीकडे वळवून. आता तिला तशीच सवय झालीय. मी गुंडाळी पुढे केली. म्हटलं, "कुसुमने लिहिलंय. मला उशीर झाला..." तिने ती उघडली नाही. मांडीवर ठेवली आणि पहिली ओवी म्हणाली. मग दुसरी. बाराच्या बारा, एकही अक्षर न चुकता.

"तुला कुठून..." मी विचारलं.

आई दारातून म्हणाली, "त्या येऊन गेल्या ना. पाय ह्ये एवढाले सुजलेले, ओट्यावर चढवत न्हाय. मी नि माझ्या मालकानं धरून आत आणल्या. बसल्या नि म्हणून दाखवलं."

"कधी?"

"हॉस्पिटलात नेलं ना त्यांना, त्याच्या आदल्या आठवड्यात," रेश्मा म्हणाली. "माझ्या पाया पडायला लागल्या. मी पडू दिलं नाही. मला पाठ होईपर्यंत परत परत म्हणत बसल्या. मी म्हटलं, लिहून द्या ना ताई. तर म्हणाल्या, कागद मागाहून येईल. बाईंना घाई करायची नाही, त्यांना घरी मुलगा आहे."

म्हणजे स्टुलावर बसून मी "दिलं गं" म्हटलं, तेव्हा कुसुमला सगळं ठाऊक होतं.

रेश्माच्या आईने चहा आणला. मी तो प्यायले. रेश्माने गुंडाळी उलगडून खिडकीच्या उजेडात धरली आणि उजवा डोळा कागदाला अगदी टेकवून एकेक ओळ तपासू लागली.