डेझला कुणाच्या हाती सोपवणार?

मेव्हिस थॅकरेचं अख्खं आयुष्य मासे तळण्याच्या दुकानात गेलं. दारू सुटून बरीच वर्षं झाली होती, तोंड मात्र तसंच तिखट. म्हणूनच कौन्सिलच्या पिकर्सगिलसाहेबांनी तिला गळ घातली. गावातल्या व्यसनमुक्ती केंद्राचं कंत्राट नव्यानं द्यायचं होतं. ज्यांनी हे भोगलंय, त्यांच्यापैकी कुणीतरी कंत्राट मागणाऱ्या संस्थांची पारख करायला हवी होती.

"येते," मेव्हिस म्हणाली. "पण बिस्किटं चांगली ठेवा. मागच्या मीटिंगला खडे होते."

थट्टा केली खरी, पण मागचं ती विसरली नव्हती. मागे कंत्राट बदललं तेव्हा तिचा धाकटा भाऊ डेझ नुकता सावरत होता. केंद्रातल्या ज्या बाईपाशी त्यानं मन मोकळं केलं होतं ती जुन्या संस्थेबरोबर गेली, दारावर नवी पाटी आली आणि आतला नवा माणूस म्हणाला, "सुरुवातीपासून सांगा बरं." डेझ उठला तो थेट पबमध्ये. पुढं हॉस्पिटलात कसाबसा वाचला. आता केंद्रातल्याच नोरा नावाच्या मदतनीस बाईनं त्याला पुन्हा उभं केलं होतं, आणि मेलं हे कंत्राट पुन्हा संपत होतं!

टाउन हॉलमध्ये एकेक संस्था आली. पडद्यावर हसरे चेहरे, रंगीत बाण. मेव्हिसनं प्रत्येकाला एकच विचारलं, "उद्या कंत्राट एकाचं दुसऱ्याकडं गेलं, की मधे अडकलेल्या पेशंटला कसं सोपवता?"

"फाइल सुरक्षितपणे पोचते," पहिला म्हणाला.

"फाइल काय दारू पिते होय?"

पिकर्सगिलसाहेबांना ठसका लागला. शेवटच्या संस्थेच्या मॅकॲलिस्टरबाई मात्र पडद्याकडं वळता वळता थांबल्या. "खरं सांगू? आम्ही हा विचारच केला नाही. तुम्ही काय केलं असतं?"

मेव्हिसचा आवाज एकदम खाली आला. "जुन्या माणसानं नव्याची गाठ घालून द्यायची. तिघांनी बसून चहा प्यायचा. एकदा नाही, भीड चेपेपर्यंत."

"कंत्राट कुणालाही मिळो, ही अट घालायला हवी," पिकर्सगिलसाहेब पुटपुटले. "नियमात बसवावं लागेल."

"मग बसवा की!"

त्यांनी बसवलं. काम मॅकॲलिस्टरबाईंच्या संस्थेला मिळालं आणि दारावरची पाटी बदलली. त्या रविवारी डेझ जेवायला यायचा होता. मेव्हिसचे बटाटे करपले, कारण तिचं सगळं लक्ष दाराकडं होतं. तो आला, तसं त्यानं कोट काढायच्या आधीच तिनं विचारलं, "गेला होतास?"

"गेलो होतो. नोरा नव्या माणसाला घेऊन आली. अगं, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला! नोरा म्हणाली, तुझं सगळं मी सांगते त्याला. म्हटलं, राहू दे, मीच सांगतो सुरुवातीपासून."

मेव्हिसला रडू आवरेना. ती पाठ फिरवून उगाच भांडं घासत राहिली.

"आणि पुढच्या आठवड्यात?"

"जाणार की. चहा भयंकर करतो गं तो, शिकवायला नको?"